बाथरूमची सफाई: ॲसिड कुठे, ब्लीच किती आणि पाणी कुणीकडे

बहुतेक घरांत बाथरूमच्या कोपऱ्यात तीन-चार बाटल्या उभ्या असतात. निळं टॉयलेट क्लीनर, दारावर येणाऱ्या गाडीवाल्याकडून घेतलेलं पिवळसर ॲसिड, पांढरं फिनेल आणि शेजारी ओल धरलेली ब्लीचिंग पावडरची पिशवी. चारही वस्तू 'साफ करायच्या' म्हणून आलटून पालटून वापरल्या जातात. प्रत्यक्षात प्रत्येकीचं काम वेगळं आहे. ॲसिड क्षार विरघळवतं, ब्लीच जंतू मारतं, साबण तेलकट मळ सोडवतो आणि फिनेल थोडे जंतू मारून बाकी वास देतं. कशाने काय निघतं हे कळलं की निम्म्या बाटल्या घरात आणाव्याच लागत नाहीत.

आधी जिवावरचं

टॉयलेट क्लीनरमध्ये साधारण १० टक्के हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं. सुट्या ॲसिडमध्ये ते याहून बरंच जास्त असू शकतं आणि बाटलीवर लेबलच नसल्यामुळे किती ते कळायला मार्ग नाही. ब्लीचिंग पावडर आणि द्रव ब्लीच ही दोन्ही हायपोक्लोराइटची रूपं. ॲसिड आणि ब्लीच एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो. हा वायू हवेपेक्षा सुमारे अडीचपट जड, त्यामुळे तो फरशीलगत साठतो. म्हणजे उकिडवं बसून संडासाचं भांडं घासणाऱ्याच्या अगदी नाकाशी.

मुद्दाम कुणी मिसळत नाही. घडतं ते असं: रात्री एकाने भांड्यात क्लीनर टाकून ठेवलं, सकाळी दुसऱ्याने वरून ब्लीचिंग पावडर भुरभुरली. किंवा ॲसिडने फरशी घासली, पाणी नीट मारलं नाही आणि डाग राहिला म्हणून लगेच ब्लीच ओतलं. सोपा नियम असा की एका दिवशी एकच. आज ॲसिड वापरलं तर ब्लीच उद्या, आणि मधे दोनदा फ्लश. साचलेल्या लघवीवरही ब्लीच ओतू नका. तिच्यातल्या अमोनियाशी त्याचं क्लोरामाइन बनतं आणि डोळे-घसा चुरचुरतो. आधी पाणी, मग ब्लीच.

चुकून मिसळलंच तर श्वास रोखून बाहेर या आणि दार उघडं टाका. फ्लश करायला, बादली उचलायला परत आत जाऊ नका. डोळे चुरचुरत असतील तर वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवा. खोकला थांबत नसेल, छाती आवळल्यासारखी वाटत असेल तर दवाखाना गाठा. 'आता बरं वाटतंय' म्हणून थांबू नका, कारण फुप्फुसांना सूज कधीकधी काही तासांनी येते. कुणी, विशेषतः लहान मुलाने, ॲसिड प्यायलं तर उलटी करवू नये. जाताना पोळलेला घसा येताना पुन्हा पोळतो. म्हणूनच ॲसिड आणि काळं फिनेल पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत कधीही भरून ठेवायचं नाही. ॲसिडच्या खुल्या विक्रीवर सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली निर्बंध घातले, तरी ते गल्लीत सहज मिळतं. मिळतं म्हणून घ्यायलाच हवं असं नाही. घरच्या कामाला बाटलीबंद क्लीनर पुरतं.

दुसरा वायू गॅस गिझरचा. बंद बाथरूममध्ये बर्नर जळत राहिला की प्राणवायू कमी पडतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. तो रक्तातल्या हिमोग्लोबिनला प्राणवायूच्या दोनशेपटींहून जास्त घट्ट चिकटतो. डोकं जड होणं, मळमळ, पाय गळून जाणं ही लक्षणं, आणि आंघोळीच्या वाफेत ती गुदमरल्यासारखी वाटून दुर्लक्षित होतात. गिझर बाथरूमच्या बाहेर, मोकळ्या गॅलरीत बसवायचा. ते शक्यच नसेल तर दार-खिडकी उघडी ठेवून बादली भरायची, गिझर बंद करायचा, मगच आंघोळीला बसायचं. पाठोपाठ तिघं-चौघं आंघोळ करतात त्या घरांत धोका शेवटच्या माणसाला सगळ्यात जास्त. थंडीत खिडकीच्या फटीत कापड कोंबायची सवय असेल तर ती आजच सोडा.

भांडं घासायची रीत

पिवळी कड आणि तपकिरी ओघळ हा बहुतेक वेळा मळ नसतो. बोअरच्या जड पाण्यातले क्षार आणि लघवीतले क्षार यांचा तो थर असतो, आणि त्याच्या खरखरीत पृष्ठभागात जंतू आणि वास दोन्ही मुरतात. म्हणून इथे काम ॲसिडचं.

आधी फ्लश करा. मग ब्रशने भांड्यातलं पाणी आत ढकला, पंप मारल्यासारखे आठ-दहा दणके द्या, म्हणजे पातळी खाली जाते. ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि मग क्लीनर दीड-दोन लिटर पाण्यात पातळ होऊन वाया जातं. आता कडेच्या आतल्या बाजूने ५० ते ६० मिली क्लीनर फिरवा, १५ ते २० मिनिटं थांबा, घासा, फ्लश करा. आठवड्यातून एकदा एवढं पुरतं. मधल्या दिवसांत नुसता ब्रश आणि भांडी घासायच्या साबणाचे चार थेंब. रोज घासलं तर थर बसतच नाही, हे कुठल्याही जाहिरातीत सांगत नाहीत.

जुना थर क्लीनरने निघत नसेल तर लिंबूसत्त्व घ्या. एक लिटर कोमट पाण्यात ५० ग्रॅम विरघळवा, जुन्या सुती कापडाच्या पट्ट्या त्यात भिजवून थरावर चिकटवा आणि रात्रभर राहू द्या. सकाळी थर मऊ होऊन ब्रशने सुटतो. पाणी उकळतं घेऊ नका. फार तापलं तर क्षार विरघळण्याऐवजी लिंबूसत्त्वाबरोबर पांढरा साका धरतात. शॉवरची भोकं बुजली असतील तर हेच पाणी प्लॅस्टिकच्या पिशवीत भरून ती शॉवरला दोऱ्याने बांधा, तास-दीड तासात भोकं मोकळी होतात. बादली-मगाचा पांढरा खरखरीतपणाही असाच जातो.

खायचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र ओतून फेस पाहायची जी पद्धत मोबाइलवर फिरते, तिच्यात फेस सोडून काही नाही. दोघं एकमेकांना मारतात आणि उरतं ते जवळपास खारट पाणी. सोडा घासायला चांगला, व्हिनेगर क्षाराला चांगलं, पण वेगवेगळे.

ॲसिड जिथे चालत नाही ती यादी लांब आहे. कडप्पा, शाहबादी फरशी, कोटा हे सगळे चुनखडीचे दगड आणि संगमरवरही त्याच कुळातला. थेंब पडला की बारीक बुडबुडे येतात. ती फरशी विरघळत असते. चमक जाते, पृष्ठभाग खडबडीत होतो आणि पुढच्या वेळी मळ आणखी घट्ट बसतो, मग माणूस आणखी ॲसिड ओततो. टाइल्सना स्वतःला फारसं काही होत नाही, पण त्यांच्या सांध्यांतलं सिमेंट खाल्लं जातं. दोन-तीन वर्षांनी खालच्या मजल्याच्या छताला ओल येते तेव्हा भांडण प्लंबरशी होतं, ॲसिडच्या बाटलीशी होत नाही. नळांच्या क्रोमवर काळे-हिरवे ठिपके पडतात तेही बहुधा उघड्या बाटलीतून सुटणाऱ्या वाफेने. अशा फरशीला साबणाचं कोमट पाणी आणि ताठ केसांचा ब्रश.

आणि सुटं ॲसिड वापरायचंच असेल तर आधी बादलीत पाणी, मग त्यात ॲसिड. उलटं केलं तर शिंतोडे उडतात. हातात रबरी मोजे, डोळ्यांवर चष्मा, दार उघडं.

ब्लीच कधी, किती

रोजच्या सफाईला ब्लीच लागत नाही. घरात कुणाला जुलाब-उलट्या होत असतील, कावीळ असेल किंवा सांडपाणी उलटं आलं असेल तेव्हा त्याचं काम. प्रमाण असं: बाटलीवर ४ ते ५ टक्के सोडियम हायपोक्लोराइट लिहिलं असेल तर एक लिटर पाण्यात २० ते २५ मिली. ब्लीचिंग पावडर ताजी असेल तर एक लिटरला साधारण ३ ग्रॅम, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा. ढवळून ठेवा, साका खाली बसला की वरचं निवळ पाणी वापरा. यापेक्षा कडक केल्याने काम दुप्पट होत नाही. धूर तेवढा नाकात जातो.

दोन चुका नेहमी होतात. पहिली, मळावरच ब्लीच ओतणं. मळ ब्लीच खाऊन टाकतो, जंतूंपर्यंत ते पोहोचत नाही. म्हणून आधी साबणाने घासून पाणी मारा, मग ब्लीचचं पाणी. दुसरी, लगेच पुसणं. दहा मिनिटं पृष्ठभाग ओला राहिला पाहिजे. फ्लशचं बटण, नळाची मूठ, जेट स्प्रेचा खटका आणि दाराची कडी या चार जागी हात सगळ्यात जास्त लागतो आणि घासणी सगळ्यात कमी. धातूवर दहा मिनिटांनंतर साधं पाणी फिरवायला विसरू नका.

तयार केलेलं पाणी २४ तासांत संपवा. ऊन आणि उष्णतेने ते निकामी होतं. पावडरचंही तसंच: पावसाळ्यात दमट होऊन गोळे झालेल्या, वास उडालेल्या पावडरीत क्लोरीन उरलेलं नसतं. अर्धा किलोची पिशवी घट्ट झाकणाच्या प्लॅस्टिकच्या डब्यात ठेवा. पत्र्याचा डबा गंजतो.

वास येतोय, पण फिनेल उत्तर नाही

बाथरूम धुतलेलं आहे, तरी गटाराचा वास येतो आणि रात्री झुरळं निघतात. तेव्हा न्हाणी ट्रॅपची, म्हणजे फरशीतल्या पाणी जायच्या भोकावरची, जाळी उचलून पाहा. आत एक उपडी वाटी असते. तिच्या कडा पाण्यात बुडालेल्या असतात आणि ते सुमारे दोन इंच पाणी गटाराचा वायू अडवून धरतं. पाणी तुंबतं म्हणून कुणीतरी ती वाटी काढून ठेवलेली असते आणि परत बसवलेली नसते. निम्म्या तक्रारींचं मूळ हेच. वाटी काढा, केस आणि साबणाचा चिकट थर जुन्या टूथब्रशने खरवडून कचऱ्यात टाका, वाटी परत बसवा, दोन मग पाणी ओता. केसांचा गोळा खाली ढकलायचा नाही. महिन्यातून एकदा पुरे.

घर आठ-पंधरा दिवस बंद असेल तर ट्रॅपमधलं पाणी सुकतं. गावाला जाताना प्रत्येक ट्रॅपमध्ये एक मग पाणी आणि वर चमचाभर गोडेतेल ओता. तेलाच्या थराने बाष्पीभवन मंदावतं.

बेसिनमध्ये डांबरगोळ्या टाकायची पद्धत अजून बऱ्याच घरांत आहे. त्या वास झाकतात, स्वच्छता करत नाहीत, आणि त्यातलं नॅप्थलीन विषारी आहे. जी६पीडी या विकराची (एन्झाइमची) जन्मजात कमतरता असलेल्या बाळांना त्याने रक्तपेशी फुटून कावीळ होऊ शकते. बाळ असलेल्या घरात, कपड्यांच्या कपाटातसुद्धा, नकोत.

हे सगळं जातं कुठे

शहरात ड्रेनेज असेल तर पुढचं काम सांडपाणी प्रक्रिया केंद्राचं. बंगल्यात, गावात आणि शहराच्या कडेच्या वसाहतींत मात्र खाली सेप्टिक टँक असतो आणि तो जिवंत असतो. त्यातले जिवाणू हवेशिवाय मैला कुजवतात. आठवड्याचं ५०-६० मिली क्लीनर त्यांना पेलवतं. अर्धी बाटली ॲसिड किंवा बादलीभर कडक ब्लीच एकदम गेलं तर ते मरतात, मैला न कुजता साचतो आणि टँक वेळेआधी भरतो.

टँक नवा असेल तर तो बाहेर जाणाऱ्या पाइपाच्या पातळीपर्यंत पाण्याने भरून बादलीभर शेणकाला सोडतात, ते बरोबर आहे. पुढे मात्र दर महिन्याला गूळ, ताक, यीस्ट किंवा बाजारातल्या जिवाणू पावडरी ओतायची गरज नाही. जिवाणूंचा पुरवठा आपण रोज करतच असतो.

उपसायची वेळ आली का, हे लांब काठीने कळतं. काठीला खालपासून पांढरं कापड घट्ट गुंडाळा, तपासणीच्या झाकणातून तळापर्यंत सरळ खाली सोडा, मिनिटभर थांबा आणि सावकाश वर काढा. कापडावर जिथवर दाट काळा गाळ लागलाय तिथवर साका. एकूण खोलीच्या एक-तृतीयांशापर्यंत आला असेल तर गाडी बोलवा. झाकणावर वाकू नका आणि जवळ बिडी-काडी नको; आत मिथेन असतो. साधारण दोन-तीन वर्षांनी उपसा व्हायला हवा. वाई आणि सिन्नर नगरपालिकांनी तर तुंबायची वाट न पाहता ठरावीक वर्षांनी घरोघरी टँक उपसायची पाळी लावली आहे. जिथे अशी सोय नाही तिथेही सक्शनची गाडीच बोलवायची. माणूस आत उतरवणं २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. आतल्या हायड्रोजन सल्फाइडने माणूस काही श्वासांत कोसळतो, आणि त्याला काढायला उतरलेला दुसराही.

आंघोळीचं पाणी शक्य असेल तर टँकमध्ये सोडू नका. दिवसाला माणशी बादली-दोन बादल्या वाहत राहिल्या तर मैल्याला टँकमध्ये टिकून कुजायला वेळच मिळत नाही. कोकणात न्हाणीच्या पाण्यावर केळी आणि अळू लावायची चाल आहे, ती अगदी रास्त. झाडं लावायची सोय नसेल तर शोषखड्डा. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णी गावाने घरोघरी असे खड्डे करून उघडी गटारं बंद केली. सुमारे चार फूट लांब, रुंद आणि खोल खड्डा, मधोमध भोकं पाडलेली सिमेंटची टाकी, भोवती दगड-गोटे. साबणाचा फेस आणि केस अडकायला आधी एक छोटी चेंबर ठेवा, नाहीतर दोन वर्षांत दगड बुजतात. ॲसिड-ब्लीचचं पाणी किंवा बाळाचे लंगोट धुतलेलं पाणी झाडांकडे नको.

पाण्याचा हिशेब घरात मोजा

फ्लशची टाकी गळते का हे डोळ्यांना दिसत नाही. टाकीत खायच्या रंगाची चिमूट टाका आणि २० मिनिटं फ्लश करू नका. भांड्यातल्या पाण्यात रंग उतरला तर खालचं रबरी वॉशर झिजलंय किंवा त्यावर क्षार बसलाय. थेंबणाऱ्या नळाखाली १० मिनिटं पेला ठेवा, पाणी मोजा आणि १४४ ने गुणा. तेवढं पाणी दिवसाला जातं.

जुनी दहा लिटरची टाकी असेल तर वाळू-पाणी भरलेली एक लिटरची बाटली आत उभी करा, प्रत्येक फ्लशला लिटर वाचतं. वीट ठेवू नका, ती झिजून वाळू वॉल्व्हमध्ये अडकते. नव्या, ३ आणि ६ लिटरच्या दोन बटणांच्या टाकीत बाटलीही नको. दोनदा फ्लश करावं लागलं तर बचत उलटी पडते.

पाणी दिवसाआड येत असल्यामुळे ड्रम भरून ठेवता ना? मग आठवड्याचा एक दिवस कोरडा. नुसतं पाणी बदलून भागत नाही. डेंग्यूच्या डासाची अंडी पाण्याच्या रेषेलगत भिंतीला चिकटलेली असतात आणि कोरडी पडली तरी महिनोन् महिने टिकतात. ड्रमची आतली बाजू काथ्याने घासा, झाकण घट्ट लावा. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात, म्हणून आठवडा.

अंगाला लागणाऱ्या वस्तू

हात धुवायला साधा साबण आणि २० सेकंद पुरतात. 'जंतुनाशक' साबणांतलं ट्रायक्लोसॅन साध्या साबणापेक्षा सरस असल्याचा पुरावा कंपन्या देऊ शकल्या नाहीत, म्हणून अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१६ मध्ये ते घरगुती साबणांतून काढायला लावलं. ते सांडपाण्यातून नदीपर्यंत जातं, हे वेगळंच.

जेट स्प्रे वापरताना धार पुढून मागे. उलट्या दिशेने जंतू पुढे येऊन बायकांना मूत्रमार्गाचा संसर्ग होऊ शकतो. योनीच्या आत पाणी, साबण, सुगंधी वॉश काहीही नको. तिथली आम्लता तिथले जिवाणूच राखतात. त्यांना धुऊन काढलं की खाज आणि स्राव सुरू होतो. बाहेरून साधं पाणी पुरे. आणि रात्री जेटचा छोटा कॉक बंद करायची सवय लावा. नुसत्या खटक्यावर पाण्याचा दाब चोवीस तास राहिला की नळी फुटते, बहुधा घरी कुणी नसताना.

सॅनिटरी पॅड फ्लशमध्ये कधीच नाही. आतली पावडर पाणी शोषून फुगते आणि पाइपात बूच बसतं. कागदात गुंडाळा, वेगळं द्या. पुण्यात कचरावेचकांच्या 'स्वच्छ' नावाच्या संस्थेने अशा पुडीवर लाल ठिपका काढायचं आवाहन केलं. उघडून पाहावं लागू नये, एवढ्यासाठी. दुसऱ्या गावांतही लाल पेनाचा ठिपका काढायला काही खर्च नाही.

टॉवेल शेवटी ठेवला, पण पावसाळ्यात सगळ्यात जास्त त्रास त्याचाच. एकाच दोरीवर, अर्धवट सुकलेले, घरभर वापरलेले टॉवेल गजकर्ण वाटत फिरतात. प्रत्येकाचा वेगळा, आठवड्यातून दोनदा धुतलेला. घरात कुणाला गजकर्ण असेल तर ६० अंशांच्या गरम पाण्यात, त्याचे कपडे वेगळे. ऊन नसेल तर पंख्याखाली किंवा उलट्या बाजूने इस्त्री फिरवून कोरडा करा. मेडिकलमधून आपल्या मनाने 'तीन औषधांचं' मलम आणू नका. त्यातल्या स्टेरॉइडने खाज दोन दिवसांत थांबते, बुरशी मात्र आत पसरत राहते आणि पुढे खऱ्या औषधालाही दाद देत नाही. डॉक्टरांनी दिलेलं मलम डागाच्या कडेबाहेर बोटभर रुंद लावायचं आणि डाग दिसेनासा झाल्यावरही त्यांनी सांगितलेल्या दिवसापर्यंत लावत राहायचं.